साडेपंधरा तास आणि वरचे साडेअकरा

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला विचारायचे तीन प्रश्न आपल्याकडे ठरलेले आहेत. तिकीट केवढ्याला पडलं, मुलगी खुशाल आहे ना आणि किती तास लागले. पहिल्या उत्तरात तो थोडं कमी करतो, दुसऱ्यात थोडं वाढवतो. तिसऱ्याला अडखळतो.

अडखळायचं कारण काय? मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साधारण १२,५४० किलोमीटर. दोन्ही शहरं जागची हललेली नाहीत. मग तास का ठरू नयेत?

विमान कंपनी म्हणते साडेपंधरा. मनगटावरचं घड्याळ म्हणतं सहा. कोथरूडचे काका म्हणतात, "दोन दिवस मोडले."

तिघंही आपापल्या परीनं खरं बोलतात.

आधी घड्याळाचं बघू. रात्री दीडला मुंबईच्या सहार विमानतळावरून उडा, त्याच तारखेला सकाळी साडेसातला न्यूयॉर्कला उतरा. झाले सहा तास. पुण्याहून संभाजीनगरला एसटीनं जायलाही जवळपास एवढेच लागतात. परतताना सकाळी अकराला निघा, मुंबईत पाय ठेवाल दुसऱ्या दिवशी साडेदहाला. म्हणजे साडेतेवीस तास! दोन्ही आकडे खोटे, पण बेरीज साडेएकोणतीस, आणि ती मात्र पै न् पै खरी. अर्थसंकल्पात याच्या बरोबर उलट असतं, पण तो विषय वेगळा.

दोन्हीकडच्या घड्याळांतला हा साडेनऊ तासांचा फरकही उन्हाळ्यापुरताच. हिवाळा आला की अमेरिका आपलं घड्याळ तासभर मागे घेते आणि फरक साडेदहा होतो. तरी दरवर्षी नोव्हेंबरात आपल्याकडची आई नेहमीच्या वेळी संध्याकाळी फोन लावून साखरझोपेतल्या जावयाला उठवतेच.

आता कंपनीचे साडेपंधरा. हा आकडा ऐकून बाया-बापडे कपाळावर हात मारतात. पण मुंबई सेंट्रलहून संध्याकाळी पाचला सुटणारी राजधानी नवी दिल्लीला सकाळी साडेआठच्या सुमारास लागते. मोजा. तेही साडेपंधराच. म्हणजे वेळेच्या मापानं दिल्ली आणि न्यूयॉर्क मुंबईपासून सारखीच दूर आहेत. तरी मराठी माणसाला दिल्लीच जास्त लांब का वाटते, याचं उत्तर रेल्वेकडे मागू नका.

राहिले काका. त्यांचा हिशेब सगळ्यात पक्का, कारण तो घराच्या कुलपापासून सुरू होतो.

विमान रात्री दीडला. कंपनी म्हणते तीन तास आधी या. म्हणजे साडेदहा. कोथरूड ते सहार दीडशे किलोमीटर, चार तास धरा. बोरघाटात ट्रक आडवा झाला तर? दीड तास आणखी धरा. निघा संध्याकाळी पाचला. पुढे विमान न्यूयॉर्कला टेकतं तेव्हा पुण्यात दुसऱ्या दिवशीचे पाच वाजलेले असतात. घर सोडून चोवीस तास झाले, आणि अजून इमिग्रेशनची रांग, बॅगांचा पट्टा आणि न्यूजर्सीपर्यंतचा हायवे बाकी आहे. एडिसनच्या दारात मुलगी ओवाळते तेव्हा सत्तावीस तास भरतात.

त्यातले साडेपंधरा विमानाचे. उरलेले साडेअकरा कशाचे? कोथरूड ते सहार दीडशे आणि विमानतळ ते एडिसन सत्तरेक, अशा एकूण दोनशेवीस किलोमीटरचे. भागाकार करा. ताशी एकोणीस.

हा सायकलचा वेग आहे. पेन्शनरांच्या पुण्यात तो कुणाला अपरिचित नसावा.

पण जाहिरात कशाची होते? विमानाच्या वेगाची. बारा हजार किलोमीटर चुटकीसरशी! आणि दोनशेवीस किलोमीटरची जाहिरात कोण करणार? ती रेडिओवरच्या वाहतुकीच्या बातमीत येते. अमृतांजन पूल २०२० साली पाडला तो घाटातली कोंडी सुटावी म्हणून. पूल गेला. कोंडीला अजून जागा सोडवत नाही.

या साडेअकरा तासांतले तीन तर विमानतळावर नुसतं बसून जातात. दाराशी चेहरा दाखवा, काउंटरवर पासपोर्ट दाखवा, इमिग्रेशनला दोन्ही दाखवा. मग बूट काढा, पट्टा काढा, लॅपटॉप काढा. पुढे दुकानांच्या भुलभुलैयातून गेट शोधा. त्या दुकानांत चहाचा भाव वाचून कळतं की देश आपण मघाशीच सोडला.

बॅगांचं नाव काढू नये. तेवीस-तेवीस किलोच्या दोन. त्यात भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, कुळथाचं पीठ. हे सगळं एडिसनच्या ओक ट्री रोडवर मिळतं, आणि ते मुलीला ठाऊक आहे. आईला सांगायची हिंमत मात्र तिच्यात नाही.

आणि व्हीलचेअर. अमेरिकेला निघालेल्या विमानाच्या दाराशी एकदा ती रांग बघा. काहींना गुडघ्यांसाठी लागते, काहींना इंग्रजीसाठी. रोज सकाळी पर्वती चढणारी आजी त्या खुर्चीत निमूट बसते, कारण खुर्ची ढकलणारा मुलगा थेट इमिग्रेशनच्या साहेबापर्यंत नेऊन पोचवतो. यावर विनोद पुष्कळ होतात. करा. पण वाट विचारायला कुणी सोबत हवं, एवढंच ज्याला म्हणायचं आहे त्याच्यासाठी तिकिटावर खुर्चीखेरीज दुसरा रकाना नाही, याला कधी हसणार?

चला, उडू या.

भिंतीवरच्या नकाशावर मुंबई आणि न्यूयॉर्क पट्टीनं जोडा. रेघ अरबस्तान, इजिप्त, उत्तर आफ्रिका करत अटलांटिकात उतरते. सरळ दिसते. सरळ दिसणारं सगळं जवळचं असतं, असं समजणारे नकाशातही फसतात. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा. तो सिंधवरून कंदाहारकडे, तुर्कमेनिस्तान, मॉस्कोच्या जवळून, आइसलंडला शिवल्यासारखं करत, ग्रीनलंडचं दक्षिण टोक गाठून कॅनडात उतरतो. सगळ्यात कमी अंतर हे. न्यूयॉर्क पश्चिमेला, पण निघायचं उत्तरेला तोंड करून.

आता त्या दोऱ्याखालच्या देशांची नावं पुन्हा वाचा. पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया. शाळेतल्या भूमितीनं सुचवलेला रस्ता आणि परराष्ट्र खात्यानं टाळायला सांगितलेला रस्ता एकच निघावा, हा योग जुळवायला किती पिढ्या खर्ची पडल्या असतील!

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला. त्यानंतर पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, आपण त्यांना आपली केली. मग ती बंदी महिन्या-महिन्यानं वाढत गेली. २०१९ मध्ये बालाकोटनंतरही पाकिस्तानी हद्द फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत मिटलेली होती. दर वेळी विमान वळसा घालतं, इंधन जास्त जाळतं, कधी मध्ये व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरून टाकी भरून घेतं. अंतर तेवढंच. वेळ मात्र परराष्ट्र खात्याच्या हाती.

गंमत पुढे आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि रशियाचं आकाश अमेरिकी-युरोपी कंपन्यांना बंद झालं. आपल्या कंपन्यांना ते खुलंच राहिलं. म्हणजे २०२५ च्या त्या महिन्यांत आपल्या विमानाला रशिया उघडा, पाकिस्तान बंद. अमेरिकी विमानाला पाकिस्तान उघडा, रशिया बंद. दोघंही वळसाच घालत होते, फक्त वेगवेगळ्या शत्रूंना.

हाल बघायचे तर फिनलंडच्या विमान कंपनीचे. आशियाला जायचा जवळचा रस्ता आमच्या डोक्यावरून जातो, या एका वाक्यावर तिनं धंदा उभा केला होता. रशियानं आकाश मिटलं आणि हेलसिंकी ते टोकियोचे नऊ तास तेरावर गेले. भूगोल विकणाऱ्यांनी शेजाऱ्याचा स्वभाव आधी बघावा.

आकाश उघडं असणं हेही सुख नाहीच. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे मगादानला उतरवावं लागलं. प्रवासी २१६, कर्मचारी १६. मगादान रशियाच्या पार पूर्वेकडे. स्टालिनच्या काळात श्रमछावण्यांचे कैदी ज्या बंदरात उतरवत ते गाव. तिथे या मंडळींना वसतिगृहात आणि शाळेत निजवलं, दुसरं विमान येऊन त्यांना घेऊन गेलं. सोळा तासांचं तिकीट, प्रवास दोन दिवसांवर. आणि तिकिटावर मगादान दिसलं नाही, म्हणजे ते फुकटातच.

राजकारण्यांनंतर वारा. त्याच्याशी वाटाघाटी तरी कुणाला जमत नाहीत.

दहाएक किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जबरदस्त झोत वाहतात. ताशी दोनशे किलोमीटर तर सहज. म्हणून जाताना साडेपंधरा आणि येताना चौदा. प्रवाशाला वाटतं, घरची ओढ. पायलटला ठाऊक असतं, कशाची.

फेब्रुवारी २०२० मध्ये न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं ब्रिटिश एअरवेजचं जंबो विमान 'सियारा' वादळाच्या वाऱ्यावर स्वार झालं आणि ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी साडेसहा-सात तास लागतात. खाली लंडनात त्याच वादळानं विमानं रद्द होत होती. वेळेआधी येणाऱ्याचं स्वागत असंच होतं.

एअर इंडियाची एक करामत मात्र मानायला हवी. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट दिशेनं, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त! आणि वेळ? साडेचौदा तास, म्हणजे जवळपास दोन तास कमी. वारा पाठीशी होता. लांबच्या रस्त्यानं लवकर पोचायची ही युक्ती आपल्या रिक्षावाल्यांना कधीपासून ठाऊक आहे. प्रवाशांचा विश्वास तेवढा बसत नव्हता.

आता तिकिटावर छापलेल्या वेळेकडे या. तिच्यावर तुमचा विश्वास आहे?

मुंबई-दिल्ली घ्या. साडेअकराशे किलोमीटर. विमान हवेत असतं पावणेदोन तासांच्या आसपास, तिकिटावर छापतात सव्वादोन. मधला अर्धा तास धावपट्टीची वाट बघण्याचा, जमिनीवर रांगण्याचा आणि थोडा नुसता अब्रूचा. कारण छापील वेळेच्या पंधरा मिनिटांत पोचलेलं विमान 'वेळेवर' धरतात. छापील वेळच ढिली ठेवली की आणखी सोपं. मग उतरताना घोषणा येते की आपण नियोजित वेळेच्या दहा मिनिटं आधी आलो आहोत, आणि आपण बावळटासारखे खूश होतो. पेपर त्यांनीच काढला, तपासला त्यांनीच. टाळ्या आपल्या!

आणि मुंबईच्या डोक्यावर जाणारा वेळ? सहारला धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदणाऱ्या. एकीवर विमान असताना दुसरीनं गप्प बसायचं. घराघरांतली ही व्यवस्था विमानतळानं का उचलली कोण जाणे. फेब्रुवारी २०२४ मध्ये गर्दीच्या तासातली उड्डाणं-उतरणी ४६ वरून ४४ वर आणायचा हुकूम निघाला, तेव्हा सरकारनंच कबूल केलं की विमानं साधारण ४० ते ६० मिनिटं शहरावर घिरट्या घालतात. दिल्लीहून निघालेला माणूस पावणेदोन तासांत वसई-विरारच्या डोक्यावर येतो आणि मग तासभर वसई-विरारच बघतो. लोकलनं येणाऱ्याला निदान दार तरी पकडता येतं.

एवढी विमानं, एवढी यंत्रं, मग वेग का वाढत नाही? जुने दाखले काढू.

८ जून १९४८. एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' हे पंख्यांचं विमान मुंबईहून लंडनला निघालं. ३५ प्रवासी, कैरो आणि जीनिव्हा असे थांबे. लंडनला पोचलं १० जूनच्या सकाळी. आज तो प्रवास एका दमात, साडेनऊ तासांत होतो. शाब्बास!

थांबा, शाब्बासकी परत घ्या. मे १९६० मध्ये एअर इंडियाचं बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागलं. ते जेट विमान आकाशात ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास जायचं. आजचं नवंकोरं विमान किती जातं? ताशी नऊशेच्या आसपास. साठ-पासष्ट वर्षांत दोन गोष्टी गेल्या. मधले थांबे आणि गुडघ्यांपुढची जागा.

वेगाचा प्रयोग झालाच नाही असं नाही. कॉनकॉर्ड लंडनहून न्यूयॉर्कला साडेतीन तासांत जायचं. लंडनहून निघायच्या आधीच्या वेळेला न्यूयॉर्कला उतरायचं, म्हणजे कालची कामं आज करणाऱ्यांच्या विरुद्ध जात. पण आवाजाच्या वेगापुढे गेलं की इंधन बेसुमार जळतं, तिकीट सामान्यांच्या हाताबाहेर जातं आणि खालचे लोक धमाक्याला वैतागतात. २००३ मध्ये ते बंद पडलं. आता स्पर्धा लवकर पोचायची नाही, जास्त वेळ न उतरता बसून राहायची आहे. सिंगापूर ते न्यूयॉर्क, १५,३०० किलोमीटर, साडेअठरा तासांच्या वर. सिडनी ते लंडन थेट, वीस तासांहून जास्त, अशी ऑस्ट्रेलियाची तयारी चालली आहे. एका जागी वीस तास बसवून ठेवणं ही आता प्रगती. सरकारी कचेऱ्यांना कुणी पेटंट घ्यायला का सांगितलं नाही?

जमिनीवरचे दावे तर आणखी मजेदार. समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, जून २०२५ मध्ये पुरा झाला. मुंबई ते नागपूर आठ तास! फक्त ती 'मुंबई' भिवंडीजवळच्या आमणे गावात संपते. पुढची मुंबई ज्याची त्यानं गाठायची. किती तासांत, ते फलकावर लिहिलेलं नाही. लिहिणाराही बहुधा अजून पोचलेला नाही.

आता नवी मुंबईचा विमानतळ उलव्याला उघडला. पुणेकर खूश, सहारपेक्षा उलवे जवळ. ते खरंच आहे, आणि साडेअकरा तासांतला एखादा तास वाचेलही. पण पुणेकराला मुळात उलव्याला जायचंच नाही. त्याला रिक्षा करून आपल्या विमानतळावर जायचंय आणि थेट न्यूयॉर्कला उतरायचंय. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. लांब पल्ल्याच्या अवजड विमानांना तोकडी. म्हणून नवा विमानतळ. आधी चाकण-खेडकडे बघितलं गेलं. मग २०१६ मध्ये पुरंदर जाहीर झालं. मग नकाशे फिरले, जागा सरकली, पुन्हा जुन्या जागेवर आली, मोजणी आली, मोर्चे आले, लाठ्या आल्या.

मुंबईवरच्या घिरट्या तासाभराच्या. पुण्याचा विमानतळ इतकी वर्षं पुण्याभोवती घिरट्या घालतोय. खाली सात गावांतले शेतकरी आहेत आणि वर फाइल, आणि उतरायची परवानगी कुणी कुणाला द्यायची तेवढं ठरायचं आहे. तोवर काकांनी संध्याकाळी पाचची गाडी सांगून ठेवलेली बरी. घाटात काय होईल सांगता येत नाही, तेव्हा साडेचारच सांगा.